खालचं दूध

अव्वा,

परवा अंगणवाडीत एका बाईनं मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर द्यायला वेळ लागला. उत्तर येत नव्हतं असं नाही. तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेली, काळीसावळी, हातांना उसाच्या पाल्यानं कापल्याच्या रेघा. म्हणाली, "मॅडम, उन्हातनं आल्या आल्या पाजलं तर चालतंय का? का चार धारा पिळून टाकायच्या आधी? आमच्या सासूबाई म्हणत्यात, तापलेलं दूध बाधतंय." तिच्या मागंच सासू बसली होती. ती म्हणाली, "म्हणत्यात काय, बाधतंयच. आमच्या चुलत जावंचं लेकरू..." तेवढ्यात दुसरी कुणीतरी ओरडली, "जावंचं ऱ्हाऊ द्या मावशी, मॅडमना बोलू द्या की." सगळ्या हसल्या. मी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले, झाकण नीट लावलं. मग सांगितलं, की आईचं दूध उन्हानं तापत नाही. अंगाची जेवढी ऊब, तेवढीच त्याची. आल्यावर हातपाय धू, तांब्याभर पाणी पी, सावलीत टेक आणि पाज. एक थेंबही पिळून टाकू नकोस. सासू म्हणाली, "पुस्तकात असंल तसं." पुन्हा हशा. मीही हसले. उपकेंद्रात येऊन रजिस्टर भरायला घेतलं, पण अक्षर उमटेना.

तुला हे सगळं ठाऊक नाही. मी नर्सिंगची पदवी घेतली. आपल्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, म्हणून अण्णांनी माझा पदवीचा फोटो काचेत बसवून तुझ्या फोटोशेजारी लावलाय. आता मी आपल्यासारख्याच एका गावात सरकारी उपकेंद्रात आहे. गरोदर बायका, बाळंतिणी, लसीकरण, बीपी-शुगर, सगळं बघते. मला हे काम मनापासून आवडतं. मैत्रिणी म्हणतात, पुण्यामुंबईच्या दवाखान्यात जा, इथं काय ठेवलंय. मला वाटतं, माझ्या हद्दीतलं एक जरी बाळ जुलाबातनं वाचलं, तर एवढं शिकल्याचं काहीतरी झालं. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, हसतात. तुला सांगते. बोलणंही बदललंय माझं. तू शेवटपर्यंत "मी जातो", "मी येतो" म्हणायचीस, आपल्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात तशी. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मुली माझ्या "मी येतो"ला हसल्या आणि मी "येते" म्हणायला लागले. अव्वा मात्र बदललं नाही. तुझं माहेर गडहिंग्लजच्या खाली, पार कर्नाटकाला लागून. तिकडची हाक तू इकडं आणलीस. अख्ख्या गल्लीत आईला अव्वा म्हणणारी मी एकटीच होते.

बाळ झालं तेव्हा मी नऊ वर्षांची, चौथीत. अण्णा फौंड्रीत पाळीला, म्हणून दवाखान्यात तुझ्याजवळ मी आणि अण्णांची आत्ती. आत्तीनं येतानाच मधाची बाटली आणली होती. वॉर्डातल्या सिस्टर उंच होत्या, बोलणं शहरी, एकेक शब्द वेगळा करून बोलायच्या. तुझ्या कॉटशी उभं राहून त्यांनी सांगितलेलं मला अजून पाठ आहे, कारण तू मला म्हणालीस, "ध्यान दिऊन ऐक, मी विसरलो तर तू सांग." सिस्टर म्हणाल्या, "सहा महिने फक्त अंगावरचं. वरचं दूध अजिबात नको. मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको. बाटली तर घरातही आणू नका." मी शाळेतल्या पाढ्यासारखं मनात घोकलं. वरचं दूध नको, मध नको, गुटी नको, पाणी नको, बाटली नको.

आत्तीला पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं होतं. म्हणाली, "ते नासकं असतंय, नऊ म्हैनं साठलेलं. तीन दिस मध चाटव." आणि तू तिला काय म्हणालीस ते मी आता माझ्या सभेत दर वेळी सांगते. त्याच संक्रांतीला आपली म्हैस व्याली होती. तू म्हणालीस, "आत्ती, रेडकाला आधी चीक पाजतोय का न्हाय आपण? त्याचं पोट भरल्याबिगार खरवसाला हात लावत न्हाय. मग माझं लेकरू काय रेडकापरास हलकं हाय?" आत्ती एवढंच म्हणाली, "लई शाणी झालीस." तू बाळाला छातीशी लावलंस. शाळेचं तोंड न पाहिलेली तू. मला पुढं चार वर्षं शिकून जे कळलं, की ते पिवळं दूध म्हणजे बाळाची पहिली लस, ते तुला गोठ्यात कळलं होतं. बायकांना हे उदाहरण लगेच पटतं. सगळ्यांच्या दारात म्हैस आहे.

अडीच महिने तू नियम मोडला नाहीस. तुझं रक्त लवकर थांबलं, पोट उतरलं, तू विसाव्या दिवशी वैरणीचा भारा उचललास आणि आत्तीच्या शिव्या खाल्ल्यास. बाळ पाजताना गर्भाशय आवळून येतं, रक्तस्राव कमी होतो, हे मी आता चित्र काढून दाखवते. तेव्हा मी फक्त बघत होते की तू बरी दिसतेस. बाळाच्या मनगटाला वळ्या पडल्या होत्या. मी त्या मोजायची.

मग मे महिना आला. तू भांगलणीला, शेतातलं तण काढायला, जायला लागलीस. टोळी गावातच होती तोवर तू दुपारच्या सुट्टीत पळत यायचीस, पाजायचीस, पळत जायचीस. टोळीची मुकादम बाई म्हणायची, "हिचा पोरगा म्हंजे सायरन हाय, बाराला वाजतोय." पुढच्या आठवड्यात टोळी नदीपलीकडच्या मळ्यात गेली. टेम्पोनं न्यायची, टेम्पोनं आणायची. जाताना तू म्हणालीस, "रडला तर झोळीत घालून हलीव. मी कसंबी करून दुपारी येतो." दुपारी तू आली नाहीस. येऊच शकत नव्हतीस, हे मला आता कळतं. तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून रस्ता बघत होते आणि झोळीत बाळ इतकं रडत होतं की त्याचा आवाजच बंद झाला. नुसतं तोंड उघडायचं.

मी नियम आठवले. एकेक करून. बाटली नको. आपल्या घरात बाटली नव्हतीच, वाटी-चमचा घेतला. मध नको, नाही दिला. वरचं दूध नको.

सकाळी तापवून ठेवलेल्या दुधाचं पातेलं फळीवर होतं. वर जाड साय आली होती. मी पळीनं साय एका बाजूला सारली, पळी तळापर्यंत घातली आणि खालचं दूध काढलं. सायीचा एक कण येऊ दिला नाही. आला तो बोटानं काढला. सिस्टरांनी वरचं नको म्हणून सांगितलं होतं. म्हशीवाल्या घरातली मी. मला दुधात वरचं आणि खालचं असतं एवढंच माहीत. मला वाटलं, वरचं म्हणजे सायीचं, बाळाला जड पडणारं. आत्तीही म्हणायची, म्हशीचं दूध जड, पाणी घालून द्यावं लागतं. सिस्टर म्हणाल्या होत्या पाणी नको. मी विचार केला, नुसतं पाणी नको असणार. दुधात घातलं तर ते दूधच. माठातलं अर्धा पेला पाणी घातलं. चमच्या-चमच्यानं पाजलं. प्यायला, अव्वा. घटाघटा प्यायला आणि झोपला. उरलेलं वाटीत झाकून ठेवलं आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा पाजलं. मे महिन्यातली दुपार, पत्र्याचं घर.

संध्याकाळी तू आलीस तेव्हा तुझं झंपर पुढून भिजलेलं होतं. तू हातपायसुद्धा न धुता बाळाला घेतलंस. त्यानं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. तू म्हणालीस, "असं का करतोय गं हा?" मग फळीकडं बघून, "दूध कमी कसं?" पातेल्याला हात लावायचा नाही अशी मला ताकीद होती, सांडायचं म्हणून. मी म्हणाले, "मी पिलो." तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. "पी की. तुझीबी हाडं वाढायची हायत." दुसऱ्या दिवशी जाताना तू पातेल्यात जास्त दूध ठेवून गेलीस.

असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. आत्ती आली. तिनं तुला विचारलं, उन्हातनं येऊन तसंच लावतीस व्हय? तू हो म्हणालीस. झालं. "तापलेलं दूध पाजलंस. आतड्याला चटका बसला लेकराच्या. आता बंद कर पाजायचं, न्हायतर आणि वाढंल." चिकाच्या वेळी तिला गप्प करणारी तू या वेळी गप्प बसलीस. घाबरली होतीस. दीड दिवस तू त्याला अंगावर घेतलं नाहीस. जुलाब झाले तरी पाजणं थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं, हे मी आता दारोदार सांगत फिरते. चुलीवर भाकरी थापणाऱ्या बाईलासुद्धा थांबवून सांगते. माझ्याबरोबरची आशाताई म्हणते, "मॅडम, तुम्ही या एकाच गोष्टीला लई कडक हाय."

कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्याची टाळू आत गेली होती. मी तुमच्याबरोबर होते, कारण मला घरी एकटी सोडायला नको म्हणून अण्णांनी आणलं होतं. तिथल्या सिस्टरांनी शीर शोधता शोधता विचारलं, "वरचं काही पाजलं होतं का?" तू म्हणालीस, "न्हाय ओ बाई. एक थेंब न्हाय. शपथ हाय." मी तुझ्या पदराला धरून उभी होते. मला वाटलं, बरोबर आहे. वरचं नाही पाजलं. मी त्या वेळी खोटं लपवत नव्हते, अव्वा. निदान तेव्हा तरी नाही. मला खरंच वाटलं की तू बरोबर उत्तर दिलंस आणि त्यात माझीही थोडी शाबासकी आहे. सिस्टरांनी तुझ्याकडं नीट बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं.

त्यानंतरचं तू मला बघू दिलं नाहीस, पण घर केवढं आपलं. दूध थांबत नव्हतं. बाळ नाही हे छातीला कुणी सांगितलेलं नव्हतं. शेजारी कुणाचं लेकरू रडलं की तुझं झंपर ओलं व्हायचं. आत्तीनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तुझी छाती इतकी आवळून बांधली की तुला वाकता येईना. ताप आला. तू कण्हायचीस आणि आत्ती गाठ घट्ट करत म्हणायची, "आटंल, आटंल. असलं दूध आटल्यालंच बरं." असलं दूध. गल्लीत बायका भेटायला यायच्या, बसायच्या, उठताना तेच बोलायच्या. कुणी दुष्टाव्यानं नाही. "उन्हातलं दूध, दुसरं काय." "आईचंच दूध बाधलं म्हणायचं." अण्णा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर तू पुन्हा मूल होऊ दिलं नाहीस.

मी सभेत ही गोष्ट सांगते. "एक मुलगी होती," असं म्हणून सांगते. साय बाजूला करण्यापर्यंत आले की बायका आधी हसतात, मग मांडीवरचं बाळ जवळ ओढतात. त्यामुळं सल्ला देताना मी वरचं दूध हा शब्दच वापरत नाही. साहेब म्हणतात, पत्रकात तोच शब्द आहे, सगळ्यांना कळतो. मी म्हणते, सगळ्यांना कळत नाही. मी म्हशीचं म्हणते, गाईचं म्हणते, पिशवीचं, डब्यातलं, एकेक नाव घेते. घरातल्या पोरींनाही बसवून सांगते, कारण बाळ त्यांच्याच कडेवर असतं. कामाला जाणाऱ्या बाईला हातानं दूध काढून स्वच्छ वाटीत झाकून ठेवायला शिकवते. काही तास टिकतं ते. हे एवढं एक तुला कुणी शिकवलं असतं तर. तुझं दूध नदीपलीकडच्या मळ्यात झंपरात जिरत होतं आणि इकडं मी पळी तळाशी घालत होते.

कुणी विचारलं, तर मी सांगते की कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला कळलं. बाईंनी फळ्यावर लिहिलं, वरचे दूध म्हणजे आईच्या दुधाखेरीज इतर कोणतेही, आणि मी वर्गातून उठून बाहेर गेले. एका मैत्रिणीला सांगितलंय तसं. तिनं मला जवळ घेतलं. म्हणाली, तू नऊ वर्षांची होतीस, तुझी काय चूक. आणि कळलं तोवर आई राहिली नव्हती, कुणाला सांगणार होतीस?

तू गेलीस तेव्हा मी चौदाची. छातीतली गाठ तू वर्षभर दवाखान्यात दाखवली नाहीस. मी बायकांना सांगते, की पाजणाऱ्या बाईला छातीच्या कॅन्सरचा धोका कमी असतो, जितकं जास्त पाजाल तितका कमी. कमी म्हणजे नाहीच असं नाही, हेही सांगते. तुझी गाठ कशानं झाली हे मला सांगता येणार नाही आणि बाळ जगलं असतं तर ती झालीच नसती असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण दाखवली का नाहीस, ते मला माहीत आहे. तू मला सांगितलं होतंस.

आपण दोघी घरामागच्या परड्यात शेणी थापत होतो. तुझा हात वर जाईना. मी विचारलं, काय झालं? तू माझा हात धरून काखेजवळ लावलास. कवठासारखं टणक. मी म्हणाले, दवाखान्यात जाऊ. तू शेणाच्या हातानं माशी वारलीस आणि म्हणालीस, "कशाला? त्याचं ऱ्हायलेलं दूध हाय ते. साकळलंय. माझ्या दुधानं लेकरू गेलं, ते मला सोडंल व्हय? भोगतो की." अगदी साधं म्हणालीस, उद्या बाजार आहे म्हणावं तसं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुझ्या नावानं टाकायला जागा नाही आणि अण्णांच्या हाती पडावं अशी माझी छाती नाही. वहीतून पान फाडून चुलीत घालीन. पण त्याआधी ते कॉलेजचं नीट लिहून ठेवते. ते खरं नाही. मला त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. मी तेराची असताना समोरच्या घरात बाळंतीण होती. तिची सासू म्हणाली, "हिला दूधच न्हाय, वरचं पाजावं लागतंय." मी विचारलं, "साय काढून का?" बायका खो खो हसल्या. "अगं येडे, वरचं म्हंजे आईचं सोडून दुसरं! म्हशीवाल्याची पोरगी आणि एवढंबी कळंना हिला?" मीही त्यांच्याबरोबर हसले. घरी आले आणि फळीवरच्या पातेल्याकडं बघत बसले.

परड्यात तू मला ते म्हणालीस तेव्हा या गोष्टीला सात-आठ महिने झाले होते. म्हणजे मला माहीत होतं. तुझ्या दुधानं काही झालं नव्हतं, हे अख्ख्या गावात मला एकटीला माहीत होतं, आणि एक वाक्य पुरलं असतं. मी हात धुतले. म्हणाले, "म्हशीला पाणी दावून येतो," आणि गोठ्यात जाऊन उभी राहिले. म्हैस नुकतीच पाणी पिऊन बसली होती.